दिल्ली: आई-बाबा, लेक आणि ढीगभर स्मारकं. काय पाहू, काय सोडू?

गोधडी

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीला जायचं नक्की झालंय. मी, आई-बाबा आणि सातवीतला लेक. नवरोबा सुट्टी नाही म्हणून ऐनवेळी गळले. शुक्रवारी सकाळी निजामुद्दीनला उतरतोय आणि सोमवारी रात्रीची परतीची गाडी आहे. ताजमहाल आधी पाहून झालाय, त्यामुळे आग्रा नको.

एका ट्रॅव्हलवाल्याचं 'संपूर्ण दिल्ली दर्शन' मागवून पाहिलं. सकाळी आठ ते रात्री आठ, ठिकाणं चौदा. लाल किल्ला (बाहेरून), इंडिया गेट (बाहेरून), राष्ट्रपती भवन (बाहेरून), संसद (बाहेरून). आतून पाहायचं एकच ठिकाण आणि ते म्हणजे साड्या-शालींचं एम्पोरियम!

आमची तऱ्हा अशी. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, जिने मात्र नको. बाबांचं म्हणणं, "दिल्लीचे तख्त राखितो महाराष्ट्र माझा असं जन्मभर गायलं, आता त्या दिल्लीत आपलं काय उरलंय ते दाखव." लेकाला कुतुबचा लोखंडी खांब पाहायचाय आणि तो गंजत का नाही हे तिथे उभं राहून कोणीतरी सांगायला हवंय. ते कोणीतरी म्हणजे मीच, त्यामुळे तीही शिकवणी इथेच मिळाली तर बरं.

मुक्काम करोलबागेत नातेवाइकांकडे. मेट्रो, ऑटो, टॅक्सी काहीही चालेल.

सातवा_मजला

सगळ्यात आधी सोमवारचा घोळ मिटवा. लाल किल्ला, गांधी स्मृती, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम हे सगळं सोमवारी बंद. कुतुब, हुमायूनचा मकबरा आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक रोज उघडं असतं. म्हणजे सोमवारसाठी काय ठेवायचं ते आपोआपच ठरलं.

पुरातत्त्व खात्याच्या जागांची तिकिटं मोबाईलवरच काढा, खिडकीपेक्षा थोडी स्वस्त पडतात आणि रांग वाचते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण लेकाचं आधार कार्ड जवळ असू द्या.

बिनपगारी_गाईड

नोकरीपायी दिल्लीत येऊन इथेच मुरलोय. गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या गळ्यात पडतो, म्हणून हा आयडी.

गोधडीताई, चौदा ठिकाणांचा तो कागद फाडून टाका. दिल्ली एक नाही, सात-आठ दिल्ल्या एकमेकींना खेटून वसलेल्या आहेत. कुतुबपासून लाल किल्ला पंधरा किलोमीटरच्या पुढे. बसवाला तुम्हाला दिवसभर रस्ता दाखवतो, स्मारक दाखवत नाही. एका दिवशी एकच दिशा धरा. दक्षिण (कुतुब, मेहरौली), मधली (हुमायून, सुंदर नर्सरी, कर्तव्य पथ), जुनी (लाल किल्ला) आणि उत्तर. ही उत्तर दिल्ली कोणत्याच 'दर्शना'त नसते आणि बाबांचा प्रश्न नेमका तिथेच सुटतो. त्यावर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता हापिसात आहे.

कोपरखळी

आत्ता हापिसात आहे म्हणत एवढं लिहिलंत, संध्याकाळी कादंबरी येणार 😀

अनुस्वार

इंडिया गेटबद्दल एक विनंती. त्यावर 'स्वातंत्र्यसैनिकांची नावं' आहेत आणि त्यात अमुक धर्माची इतकी, तमुक धर्माची तितकी, असा एक मेसेज दर १५ ऑगस्टला फिरतो. लेकाच्या हाती तो पडायच्या आत खरं सांगून टाका. ते पहिल्या महायुद्धात आणि १९१९च्या अफगाण युद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढून मेलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. पायाभरणी १९२१, उद्घाटन १९३१, आराखडा नवी दिल्ली आखणाऱ्या इंग्रज वास्तुकार लुटियन्सचा, उंची ४२ मीटर. दगडावर तेरा हजारांवर नावं कोरली आहेत, मेलेले त्याच्या कितीतरी पट.

तिथे आपले लोक भरपूर आहेत. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. साताऱ्याकडच्या कित्येक घरांतला माणूस तिकडेच राहिला. कमानीखाली जाऊ देत नाहीत, त्यामुळे नावं जवळून वाचता येत नाहीत, हा माझा राग आहे. दुर्बीण असेल तर न्या, थट्टा करत नाहीये.

मुक्काम_पोस्ट_नोएडा

+१ अनुस्वार. आणि इंडिया गेटला सेल्फी काढून परत फिरू नका. पलीकडेच राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९ मध्ये झालेलं. फुकट आहे आणि पूर्ण सपाट, काकूंना काही त्रास नाही. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव, हुद्दा आणि पलटण. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेले असे २५ हजारांहून जास्त. अमर जवान ज्योतही जानेवारी २०२२ मध्ये इंडिया गेटखालून इथल्या ज्योतीत मिसळली.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी पोचा. रोज एका हुतात्म्याच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी आई होती. ड्रेसवाला जवान तिच्या चालीनं, एकेक पाऊल थांबत चालत होता. बँड सुरू झाल्यावर आमच्या पोरानं स्वतःहून मोबाईल खिशात टाकला, हा आमच्या घरातला विक्रम आहे.

परमवीरचक्रवाल्यांचे अर्धपुतळेही शेजारीच आहेत. त्यात मेजर रामा राघोबा राणे शोधा. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या पलटणीचा गडी.

रिकामटेकडा

इंडिया गेटजवळच्या छत्रीची गोष्ट राहिली की. त्या छत्रीखाली १९३६ पासून पंचम जॉर्ज उभा होता. १९६८ मध्ये त्याला हलवला. मग कितीतरी वर्षं छत्री रिकामीच. गांधींचा पुतळा बसवायचा की नाही यावर नुसत्या चर्चा. शेवटी २०२२ मध्ये नेताजींचा २८ फुटी काळा ग्रॅनाइटचा पुतळा बसला. पंचम जॉर्ज आता उत्तरेला बुराडीकडे कोरोनेशन पार्कात आहे. हो, तिथेच १९११चा दरबार भरला होता आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायची घोषणा झाली होती. बादशहासमोर आता पोरं क्रिकेट खेळतात.

गोधडी

अरे व्वा, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. युद्ध स्मारक पक्कं. बाबांना राणेंचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे ठीक, पण अठरावं शतक कुठाय?" बिनपगारी_गाईड, संध्याकाळ झाली हो.

बिनपगारी_गाईड

झाली, झाली. चहा घेऊन बसलोय.

काकांना आधी एक कडू गोष्ट सांगा: मराठ्यांनी दिल्लीत फार काही बांधलं नाही. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, जानेवारी १७७२ मध्ये मुघल बादशहा शाह आलमला तख्तावर आणून बसवलं. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरनं बादशहाचे डोळे काढले, तेव्हा पुन्हा महादजींच्याच फौजेनं दिल्ली सोडवली. १८०३ पर्यंत बादशहाच्या मागे शिंद्यांची तलवार होती. पण राज्य चालवायचं ते बादशहाच्या नावानं, अशी रीत. त्यामुळे मकबरा, मशीद, बाग असं दाखवायला फारसं नाही. कालकाजीच्या देवळाचा जुना भाग १७६४च्या सुमारास मराठ्यांनी बांधला असं सांगतात. १७३७ मध्ये थोरला बाजीराव दिल्लीवर चालून आला तेव्हाही त्याचा मुक्काम कालकेजवळच पडला होता. नंतर तालकटोऱ्याच्या बाजूला बादशाही फौज बाहेर पडली आणि मार खाऊन परतली. दिल्ली जाळायचा बेत बाजीरावानं का सोडला, ते त्यानं चिमाजीअप्पाला पत्रात सविस्तर कळवलंय. आज तालकटोऱ्याला बाग आहे आणि स्टेडियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं साहित्य संमेलन त्याच स्टेडियमात भरलं होतं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. काकांना तेवढंच समाधान.

आता उत्तर दिल्ली. रविवारी सकाळी पिवळ्या मेट्रोनं विधानसभा स्टेशनला उतरा. तिथून जवळ २६, अलिपूर रोड. बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडल्यावरचं हे घर. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इथेच हातावेगळं केलं आणि ६ डिसेंबर १९५६ला इथेच गेले. जुना बंगला पाडलाय याचं वाईट वाटतं. नवी इमारत उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची, म्हणजे संविधान, २०१८ मध्ये झालेली. आत बराचसा मामला दृकश्राव्य आहे, मुलं रमतात. शिवाय लिफ्ट आहे.

तिथून ऑटो करून रिजवर, म्हणजे तिथल्या टेकडीवर चढा आणि ऑटोवाल्याला सांगा: हिंदुराव हॉस्पिटल.

हे नाव दिल्लीकर दिवसातून हजार वेळा घेतात आणि शंभरातल्या नव्व्याण्णवांना हे हिंदुराव कोण ते ठाऊक नसतं. हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे. सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. ही टेकडीवरची कोठी आधी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची होती. १८३५ मध्ये त्याचा खून झाला (त्यापायी फिरोजपूर झिरक्याचा नवाब फासावर गेला, ती वेगळीच भानगड) आणि कोठी हिंदुरावांनी घेतली. १८५७ मध्ये इंग्रजांचं सगळ्यात पुढचं ठाणं हेच होतं, तटाच्या दिशेनं तोंड करून. सिरमूर पलटणीचे गुरखे महिनोन्महिने इथे तोफा खात बसले होते. त्याच जागेवर पुढे हॉस्पिटल झालं.

हॉस्पिटलसमोरच रस्त्याच्या कडेला अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं चौदाव्या शतकात तो मेरठहून आणला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ मध्ये ते जोडून उभे केले. जवळ जाऊन पाहिलं तर सांधे दिसतात, आणि ब्राह्मी अक्षरं एका सांध्यापाशी येऊन मध्येच तुटतात. भोवती गर्दी शून्य. एक-दोन पेशंटचे नातेवाईक डबा उघडून बसलेले असतात.

तसेच थोडं पुढे गेलात की १८५७चं इंग्रजांनी १८६३ मध्ये बांधलेलं लाल दगडाचं स्मारक, चर्चच्या मनोऱ्यासारखं. भिंतींवर मेलेले, जखमी, बेपत्ता यांचे तक्ते, त्यात युरोपियन वेगळे आणि नेटिव्ह वेगळे. १९७२ मध्ये त्याला अजितगढ नाव दिलं आणि नवीन पाटी लावली: मूळ मजकुरात ज्यांना 'शत्रू' म्हटलंय ते परकी सत्तेविरुद्ध लढलेले हुतात्मे होत. दोन्ही पाट्या एकाच स्मारकावर. काकांना इथे अर्धा तास द्या, ते हलणार नाहीत. चौथऱ्याला पायऱ्या आहेत, काकूंनी खालच्या सावलीत बसावं. खायच्या पिशव्या मात्र हातात नकोत, रिजवर माकडं फार.

शेवंताबाई

हिंदुराव हॉस्पिटल!!! माझं बाळंतपण झालंय तिथे आणि मी माहेरची निपाणीची, कागलपासून हाकेच्या अंतरावरची. आजवर मला वाटायचं कोणी उत्तरेतलेच राव असतील. आईला फोन करून सांगितलं तर म्हणते, मग नातवाचं नाव हिंदुराव ठेवायचं होतंस.

कोपरखळी

कादंबरी आलीच. पण मान गये, वाचनखूण साठवली आहे.

शनिवारवाडा_कॅन्टीन

लाल किल्ल्यावर कोणीच लिहिलं नाही? काकांना दिवाण-ए-खासचं छत दाखवा. म्हणजे जे नाही ते. चांदीचं छत होतं, ते १७६०च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं, शिक्के पाडले आणि फौजेचे पगार भागवले. पानिपताच्या आधीचे पाच महिने. फौज उपाशी, पुण्याहून पैसा येईना, भाऊ करणार काय?

रिकामटेकडा

करणार काय म्हणजे? ज्याला राखायला गेलो त्याच्याच घराचं छप्पर विकलं. भरतपूरच्या सूरजमल जाटानं विरोध केला होता, नंतर तो बाजूला झाला, त्यात हेही एक कारण धरतात. भावनेच्या भरात हिशोब विसरू नका.

शनिवारवाडा_कॅन्टीन

नादिरशहानं मयूरासन नेलं तेव्हा त्याला लूट म्हणायचं, अब्दालीनं नेलं तेव्हा लूट म्हणायचं, आणि आपल्या माणसाला पगार द्यायला पैसे नव्हते हे सांगितलं तरी लूटच? पन्नास-साठ हजारांचं सैन्य, शिवाय यात्रेकरू आणि बाजारबुणगे, घरापासून हजार मैलांवर.

रिकामटेकडा

हो, लूटच. अगतिक लूट म्हणा हवं तर. इतिहासात आपले-तुपले करायचं म्हटलं की मग स्मारकं पाहायला जायचं कशाला, पोवाडेच ऐकावेत.

बिनपगारी_गाईड

मंडळी, तलवारी म्यान. तिथे उभं राहून हाच वाद घाला, मजा येते. आत सोडत नाहीत, बाहेरून पाहायचं. आजचं लाकडी छत विसाव्या शतकातलं आहे. कमानींवर 'पृथ्वीवर स्वर्ग असेल तर तो इथेच' ही फारसी ओळ आहे. दिवाण-ए-आममध्ये बादशहाच्या बैठकीमागची भिंत चुकवू नका: दगडात दगड बसवून केलेले पक्षी आणि त्यात वाद्य वाजवणारा ग्रीकांचा ऑर्फियस. मुघल दरबारात तो काय करतोय, हा प्रश्न लेकाला घाला.

इंग्रजांनी १८५७ नंतर आतले बरेचसे महाल पाडून तिथे बराकी बांधल्या, म्हणून किल्ला आत विखुरलेला वाटतो. त्याच बराकींत आता संग्रहालयं आहेत: नेताजी आणि आझाद हिंद सेना, १८५७, जालियनवाला. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल, धिल्लों या अधिकाऱ्यांचा खटला याच किल्ल्यात चालला, १९४५च्या नोव्हेंबरात. गांधीहत्येचा खटलाही इथलाच.

धडाधड

त्या खटल्यावर एक स्वतंत्र धागा हवा. खरं काय ते लोकांना कळू दे एकदा. (पुढचा मजकूर संपादित)

संपादक मंडळ

धाग्याचा विषय पर्यटन आहे. खटल्यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. कृपया सहकार्य करा.

अनुस्वार

विषयाला धरूनच लिहिते. गांधी स्मृती, तीस जानेवारी मार्ग. राजघाटाला सगळे जातात, काळ्या दगडाला नमस्कार करतात आणि निघतात. पण मृत्यू जिथे झाला ते बिर्ला हाऊस बरेच जण पाहत नाहीत. शेवटचे १४४ दिवस ते इथे होते. खोलीत गादी, काठी, चष्मा, थोडक्यात काहीच नाही. खोलीतून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची पावलं सिमेंटमध्ये उमटवली आहेत. त्या दिवशी सरदार पटेलांशी बोलणं लांबलं म्हणून उशीर झाला होता, त्यामुळे ती चाल झपाझप होती. ५ वाजून १७ मिनिटं. तिकीट नाही, हिरवळ सपाट आहे, काकूंना बाकावर बसता येईल. पुण्याची म्हणून मला तिथे जरा अवघडल्यासारखं होतं, हे लिहून गप्प बसते.

सातवा_मजला

राष्ट्रपती भवन पाहायचं असेल तर आत्ताच ऑनलाईन नोंदणी करा, आयत्या वेळी मिळत नाही. फेब्रुवारीत अमृत उद्यानही उघडं असतं.

आणि आत जायला नाही मिळालं तरी एक गंमत फुकटात आहे. इंडिया गेटकडून कर्तव्य पथानं राष्ट्रपती भवनाकडे चालत (किंवा ऑटोनं) या. लांबून घुमट, खांब सगळं दिसतं. विजय चौकात येईपर्यंत भवन बुडायला लागतं. चौकात उभं राहिलं की फक्त घुमटाचा वरचा भाग. रायसीनाच्या चढाचा उतार लुटियन्सचा जोडीदार वास्तुकार बेकरनं असा ठेवला की त्याचे दोन सचिवालय ब्लॉक समोर राहिले आणि लुटियन्सचं भवन मागे झाकलं गेलं. दोघांचं यावरून कायमचं वाजलं. लुटियन्स म्हणे, माझं बेकरलू झालं, नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या चालीवर. सोसायटीच्या पार्किंगवरून भांडणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल.

गोधडी

बापरे, लाल किल्ल्यावरून आमच्याही घरी भांडण झालं. बाबा भाऊंच्या बाजूनं, आई म्हणते "दुसऱ्याच्या घराचं छत ते छतच."

काही शंका: (अ) हुमायूनच्या मकबऱ्याला जिने किती? (ब) पानिपत होईल का? काला आंब पाहायचाय बाबांना. (क) खांब का गंजत नाही हे अजून कोणी सांगितलेलं नाही. परीक्षा जवळ आलीये माझी.

घिसाडी

खांबाचं मी सांगतो, धातूवाला माणूस आहे.

लेकाला आधी हे सांग की 'गंजतच नाही' हे खरं नाही, फार फार हळू गंजतो आणि तो गंजच त्याला वाचवतो. तेव्हाचे लोहार कोळशावर लोखंड काढायचे, भट्टीत चुनखडी घालत नसत. त्यामुळे फॉस्फरस निघून न जाता लोखंडातच राहायचा. आजच्या पोलादात तो नको म्हणून काढतात. या जादा फॉस्फरसमुळे खांबावर एक पातळ, घट्ट थर बसलाय, तो हवा-पाणी आत जाऊ देत नाही. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी यावर आयुष्य घातलं. एरवीचा गंज पापुद्र्यासारखा सुटून पडतो आणि खाली नवा तयार होतो, हा थर मात्र सुटत नाही.

उंची ७ मीटरच्या वर, वजन सहा टनांच्या पुढे आणि एकसंध ओतलेला नाही: तापलेले गोळे एकमेकांवर ठोकून ठोकून जोडलेत. म्हणजे आमचंच काम. लेखात 'चंद्र' नावाचा राजा आहे, तो दुसरा चंद्रगुप्त मानतात. खांबाला पाठ टेकून मागे हात मिळवले की इच्छा पूर्ण होते म्हणून लोक मिठ्या मारायचे, घासून खालचा भाग चकचकीत झाला, म्हणून १९९७ मध्ये कुंपण घातलं. वरच्या भागात तोफगोळ्याचा एक खड्डा दिसतो. कोणी नादिरशहाचं नाव घेतं, कोणी गुलाम कादिरचं.

खांब ज्या मशिदीच्या अंगणात आहे तिथले दगडी खांब पाहा. सत्तावीस देवळांचा माल वापरल्याचं तिथल्याच शिलालेखात लिहिलंय. घंटा आणि साखळ्यांचं कोरीवकाम अजून खणखणीत आहे, माणसांचे चेहरे तेवढे तासलेत.

मुक्काम_पोस्ट_नोएडा

(अ) मकबऱ्याच्या जोत्यावर चढायचा जिना उभा आणि उंच पायऱ्यांचा आहे. आईंनी चढूच नये. खालच्या बागेतून तो जास्त छान दिसतो असं माझं मत. पाण्याचे पाट थेट इमारतीपर्यंत गेलेत. १८५७ मध्ये बहादूरशाह जफर इथेच लपला होता आणि इंग्रज अधिकारी हॉडसनच्या हाती लागला, म्हणजे मुघलांचा शेवट त्यांच्याच दुसऱ्या बादशहाच्या थडग्यापाशी. प्रवेशाजवळ जमिनीखाली नवं संग्रहालय झालंय (२०२४). शेजारी सुंदर नर्सरी, आईंना तीच सगळ्यात आवडेल, पैज. बाक, सावली, मोर.

(ब) पानिपत ९० किलोमीटर. जाऊन-येऊन दिवस जातो, काला आंबही गावाबाहेर. या खेपेला नको. त्यापेक्षा बुराडी घाट उत्तर दिल्लीतच आहे. १० जानेवारी १७६०, दत्ताजी शिंदे. 'बचेंगे तो और भी लड़ेंगे' तिथलंच. पण आधीच सांगतो, मी शोधत गेलो तर मला नदी, धूळ आणि ट्रक दिसले. पाटी काही सापडली नाही.

काकांना एक मात्र खास: मराठे दिल्ली हरले त्या लढाईचा खांब आमच्या नोएडात आहे, तोही गोल्फ कोर्सच्या आत! ११ सप्टेंबर १८०३, पटपडगंजची लढाई. शिंद्यांच्या पलटणी फ्रेंच बुर्कँच्या हाताखाली, समोर जनरल लेक. इंग्रजांनी नंतर तिथे खांब उभारला. क्लबच्या गेटवर विचारून, मूड पाहून सोडतात.

बिनपगारी_गाईड

तुम्हाला सगळं बसवून देतो, मग पाहिजे तसं मोडा.

शुक्रवार: निजामुद्दीनला उतरून आधी घरी, आंघोळ, आराम. दुपारी गांधी स्मृती, तिथून कर्तव्य पथ, विजय चौक आणि संध्याकाळी युद्ध स्मारक. शनिवार: सकाळी लाल किल्ला, उन्हाआधी. दुपारनंतर काहीही ठरवू नका, किल्ला दमवतो. रविवार: अलिपूर रोड, हिंदुराव, स्तंभ, अजितगढ. परत येताना काकांच्या हौसेसाठी टिळक मार्गावरून या. पूर्वीचा हार्डिंज अॅव्हेन्यू. तिथल्या एक नंबरच्या बंगल्यात कायदामंत्री असताना बाबासाहेब राहत, त्यांचं दुसरं लग्नही १५ एप्रिल १९४८ला तिथेच झालं. सोमवार: सकाळी कुतुब, दुपारनंतर हुमायून आणि सुंदर नर्सरी. स्टेशन तिथून जवळ.

जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन. काकूंना तिसऱ्या दिवशी छोले-पनीर नको होईल.

कोपरखळी

आणि काकांना सांगा, रेल्वेनं तरी मराठ्यांना न्याय दिलाय. निजामुद्दीनहून नवी दिल्लीकडे जाणारी लोकल पकडली की आधी टिळक ब्रिज, मग शिवाजी ब्रिज. दहा रुपयांत दोघांचं दर्शन.

गोधडी

हे बाबांना इतकं आवडलंय की शुक्रवारी टॅक्सीऐवजी लोकलनंच जायचं म्हणतायत, सामानासकट! सोमवारी मात्र सामानाचं काय करू? कुतुबला बॅगा घेऊन कसं फिरणार?

सातवा_मजला

निजामुद्दीनला क्लोकरूम आहे. सकाळी आधी तिथे जा, बॅगा टाका, मग कुतुब. बॅगांना कुलूप लागतं, नसेल तर घेत नाहीत. पावती जपा आणि गाडीच्या वेळेआधी तासभर सोडवायला जा, रात्री रांग असते.